येते म्हणाले होते

४ जून २००७
आले कोल्हापुरात! राजारामपुरीत अक्षताताईंच्या नेटकॅफेत नोकरी. यंत्रं पुसायची, गिऱ्हाइकांना बसवून द्यायचं. ताईंनी पहिलंच विचारलं, शांभवी, कुरुंदवाडची हाईस न्हवं? मग पेढं कुठायत? आमच्या गावचे पेढे नावाजलेले. चेष्टाच ती, पण मी ओशाळले. गावी गेले की आणीनच.

७ जून
कोपऱ्यातल्या यंत्रावर दुपारभर झुंबरबाई असतात. निवृत्त नर्स. पडद्यावर एक गाव आहे. लांबलांबची माणसं तिथं आपापली बाहुली चालवतात, घरं बांधतात, गप्पा लिहितात. हे कशासाठी, मी विचारलं. म्हणाल्या, तिकडं गुडघं दुखत न्हाईत की. आन ‘च्या टाक’ म्हणणारंबी कोण न्हाय!
माझीही बाहुली त्यांनी करून दिली. दोघी तिथल्या बाकावर बसलो. उठताना मी लिहिलं, ‘येते.’ अव्वानं, माझ्या आईनं, मुळाक्षरांच्याही आधी हे शिकवलंय: निघताना ‘जाते’ म्हणू नये. आणि दिलेला शब्द मोडू नये.

१४ जून
दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. बाहुली बाकावर टेकली की मलाच बरं वाटतं. झुंबरबाई हसल्या. कळलं न्हवं आता, कशासाठी ते?

१८ जून
झुंबरबाई काल घरी झोपेतच गेल्या. मी त्यांचं यंत्र झाकून ठेवलं.

२१ जून
पुसायला त्यांच्या यंत्रावरचं कापड काढलं. यंत्र चालूच. झुंबरबाईंची बाहुली बाकावर. माझ्याकडे वळली. खाली अक्षरं आली: ‘येते म्हणालीस की. कवा?’
ताई म्हणाल्या, कुणीतरी वात्रटपणा करतंय. त्यांनी वायरच उपसून ठेवली.
पण शब्द मी दिला होता.

२४ जून
वायर माझ्या हातात आहे. पडदा उजळलेला. ‘कवा?’
गुडघे दुखतायत. जिना चढवत नाही —

२६ जून
अव्वाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, स्पष्ट ‘जाते’ लिही आणि घरी ये. मी वाट बघते. तिच्या तोंडी ‘जाते’ हा शब्द — कधीच नव्हता.

२७ जून
लिहिलं. ‘जाते.’
माझी बाहुली उठली. मी हात लावला नव्हता. तिनं लिहिलं, ‘दमलीस. बस आता. अव्वाला मी सांगते, शांभवी जाते म्हणून.’
मी बाकावर आहे, झुंबरबाईंच्या शेजारी. पाय हलत नाहीत —
दुखतही नाहीत.
नको. अव्वा, मी घरी ये—