मामाच्या तळघरातली मेथी

२ नोव्हेंबर, अकोला
मामानं तळघर दिलं. दिलं म्हणजे फेकलं.
"तीस तारखेपर्यंत. मेथी उभी राहिली तं तळघर तुयं. नाही तं फरशीवाल्याले गोडाऊन पायजेच आहे, अन् तू अकोटले जिनिंगवर. बोलून ठेवलं म्या तिकडं."
अमरावतीहून मायनं फोनवर हेच सांगितलं, फक्त रडून. जिनिंगवर एक सीझन काढलाय. नाकात कापूस, कानात कापूस. परत नाही जाणार.

४ नोव्हेंबर
फळवाल्याकडून थर्माकोलचे आठ डबे आणले. झाकणाला तापलेल्या सळईनं भोकं, भोकात चहाचे प्लास्टिक कप, कपात नारळाचा भुसा, त्यात मेथीचं बी. खाली पाणी आणि पुडीतलं खत. वर एलईडीच्या पट्ट्या. बस. माती नाही.
मामी पायरीवर बसून पाहत होती. "बिनमातीची मेथी? अमरावतीत असंच करतेत का, बाप्पा?"
बोअरच्या नळीनं सहा डबे भरले आणि लाईट गेली, मोटर बंद. आज नळ यायचा, म्हणून मामी पिण्याचे हंडे रिकामे करत होती. नळाला नवं पाणी आलं की सहा दिवसांचं जुनं तिच्या लेखी शिळं, अंगणात ओतायचं. ते मी घेतलं. पायरीजवळचे दोन डबे त्यानं भरले.

९ नोव्हेंबर
कोंब. आठही डब्यांत. मामाला म्हटलं, पाहून तरी जा.
"म्या गवत पायत नसतो."

१२ नोव्हेंबर
तळघरात हवा कोंडते. धामणगावच्या संद्याकडे, माझ्या दोस्ताकडे, जुना टेबलफॅन पडून आहे, फुकट. सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी परत.

१६ नोव्हेंबर
इथं धामणगावात कबड्डीचे सामने होते. संद्याच्या संघातला एक गडी तापानं पडला, मला उतरवलं. दोन जिंकलो, तिसऱ्यात गुडघा गेला. उद्या निघतो. मजा आली, खोटं कशाला.

१७ नोव्हेंबर, अकोला
फॅन आणायचा राहिलाच.
आतल्या सहा डब्यांत पानांच्या कडा जळाल्या. तपकिरी, चुरचुरीत. पायरीजवळचे दोन मस्त हिरवे. जळालेल्या कपांच्या काठावर पांढरं साचलेलं. चाटून पाहिलं. खारट.
मीठ.
पाच दिवस मी नव्हतो. फरशीवाला टेपनं तळघराचं माप घेऊन गेला, मामीनंच सांगितलं. मामानं पायरीवरून दिसतील ते दोन डबे सोडले, आतल्यांत टाकलं. हुशार माणूस.

१८ नोव्हेंबर
जेवताना बोललो. फरशीवालाही होता पंगतीला, बरंच झालं.
"मामा, भाच्याच्या मेथीत मीठ टाकाची वेळ आली का तुमच्यावर?"
मामा घास चावत राहिला. मग उठला, मोरीतल्या बोअरच्या तोटीखाली गिलास धरला आणि माझ्या ताटाजवळ आणून ठेवला.
"पी."
प्यालो. थुंकलो असतो, पण फरशीवाला पाहून राहिला होता.
"पूर्णा नदीच्या अंगाची जमीन आहे ही, खारपाणाची, खालचं पाणीच खारं. घरातल्या मांजरालेही मालूम आहे, बोअर भांडे घासाले. दाळ शिजत नाही याच्यात."
"मंग सांगतलं काऊन नाही?"
"तू इचारलं? नळी ओढताना पायलं म्या तुले. म्हटलं, मोबाईल सांगते याले सगळं, हेही सांगन."
फरशीवाला हसला. मामी नाही हसली.
मी माफी मागितली नाही. त्यानं मीठ टाकलं नाही, खरं. पण दोन आठवडे गंमत पाहत बसला, हेही खरं. दुसरं जास्त लागलं.

१९ नोव्हेंबर
हीच वही मागे उलटली. ४ तारीख. सहा डबे बोअरचे, दोन मामीच्या शिळ्या पाण्याचे. माझ्याच अक्षरात. राग कोणाचा करावा कळेना. मामाचाच केला.

२० नोव्हेंबर
सहा डबे ओतून दिले, धुतले. बी भिजवलंय. पाणी नाही.
मामीला मागितलं. "प्याचं पाणी मेथीले? शिळं भेटन, नळ आल्यावर. पण मामाले इचार आधी."
नाही विचारणार.

२२ नोव्हेंबर
नळ आला. अंगण कोरडंच. तळघराच्या वरच्या पायरीवर पाच हंडे, भरलेले. पाचवा पितळी हंडा मामीला उचलवत नाही, माहीत आहे मला.
डबे भरले. बी पेरलं.

२७ नोव्हेंबर
मामा जिन्यात भेटला. "अकोटची गाडी सकाळी सातले असते." एवढंच.
बॅग भरलेली नाही. भरणारही नाही.

३० नोव्हेंबर
फरशीवाला चारला येणार, तळघर घ्यायला. दोन डब्यांत मेथी वीतभर. सहांत बोटाएवढे कोंब. उभी म्हणजे किती, ते ठरलंच नव्हतं.
तीनला खाली उतरलो तर मामा आधीच तिथं. एकटा. पायरीजवळच्या डब्यातलं पान खुडून चावून राहिला होता. मी पायरीवरच थांबलो. मग त्यानं आतल्या एका डब्याचं झाकण उचललं, पाण्यात बोट बुडवलं, चाटलं. झाकण परत बसवलं, कोंब मोडू नये असं, हळू.
वर येताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "फरशीवाला आला की आवाज दे मले. तू तोंड उघडू नोको."
विचारलं नाही, फरशीवाल्याला काय सांगणार. विचारायची सवय नाही आमच्यात.
चार वाजून गेले. दारात गाडी थांबली.
आवाज देतो.