मायाक्काचा प्रश्न

सोलापूर,
ता. ९ ऑगस्ट १९३४

चि. सौ. रुक्मिणीस अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. नातेपुत्यास तुझ्या भावाकडे, नारायणरावांकडे, सर्वांची खुशाली असेलच.

पत्रास कारण, विद्यार्थ्यांनी वीट आणला आहे. दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवून घरी यावे, तो ओसरीवर पाचसहा जण वह्या उघडून बसलेले. एकाला 'सिन्स' आणि 'फॉर' उमगत नाही, दुसरा मौर्यांच्या आधी गुप्तांना बसवतो. काल संगप्पाला उपमा आणि रूपक तिसऱ्यांदा समजावले. तो म्हणतो, काकूंनी एकदाच सांगितले होते: मास्तर वाघासारखे म्हटले की उपमा, मास्तर म्हणजे वाघच म्हटले की रूपक. सगळी माना खाली घालून हसली. मी खडसावले, तर शांतपणे म्हणतो, “मास्तर, तुमी सांगतात ते लिवता येतंय. काकू सांगतात ते कळतंय की.”

म्हणजे मी कोट उतरवून, चहा घेऊन बाहेर येईपर्यंत ही मंडळी स्वयंपाकघराच्या दाराशी तुला विचारून मोकळी होत होती. मला आता कळते आहे.

शेजारच्या मथुराबाईंना तू माहेरपणाला गेलीस असे सांगितले आहे. दोन महिने कसले माहेरपण, असे त्या तोंडावर विचारत नाहीत एवढेच.

परवा गिरणीतल्या जॉबर मुकादमाची मुलगी मायाक्का प्राचीन इतिहासाचा अभ्यास घेऊन आली. मी सांगितले, लिही, कलिंगाच्या युद्धानंतर अशोकाला पश्चात्ताप झाला. तिने टाक थांबवला. म्हणाली, “एवढं वाईट वाटलं, तर कलिंग परत का दिला न्हाई?”

परीक्षेत असले विचारत नाहीत, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती रडवेली होऊन गेली. पाठोपाठ बाकीचेही उठले.

मला जेवण गेले नाही. तुझा मॅट्रिकचा अर्ज मी फाडला. नापास झालीस तर शाळेत तोंड दाखवता येणार नाही, असे तेव्हा म्हणालो. ते खोटे होते. तू पास होशील, याचेच भय होते. वाईट दुसऱ्याच दिवशी वाटले. पण तुकडे गोळा करून चुलीत घालण्यापलीकडे मी काही केले नाही.

आज हेडमास्तरांकडून नवा अर्ज मागून आणला. कोणासाठी, त्यांनी विचारले. “माझ्या पत्नीसाठी,” मी म्हणालो. खोलीतले दोघे हसले. हसू देत.

अर्ज सोबत आहे. माझी सही केली आहे, बाकी तुझ्या हाताने भर. महिनाअखेरपर्यंत पोचला पाहिजे. अभ्यास नातेपुत्यास केलास तरी चालेल. इकडे येण्याची अट नाही.

उद्या मायाक्काच्या घरी जाणार आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही, एवढे सांगून येतो.

तुझा अपराधी,
वेणीमाधव