झिजलेला हब

बुधवार, संध्याकाळ

सकाळी सुनेला, वैशालीला, तपासणीसाठी खर्ड्याला नेत होतो. आठवा महिना. ओढ्यातून वर चढताना जीप थांबली आणि मागं घसरू लागली. चारही चाकांना ओढ मिळावी म्हणून ओढ्याआधीच फोर-व्हील टाकलं होतं, उतरून पुढच्या चाकांना आसाशी जोडणारे दोन्ही हब हातानं लॉक केले होते. तरी डाव्या चाकातून नुसती कटकट, ओढ काहीच नाही. मागं पाणी.

"मामा, मी उतरू का?" वैशाली म्हणाली. ब्रेक दाबून धरला. शेवटी एका ट्रॅक्टरनं ओढून काढलं. तपासणीत बाळ ठीक निघालं.

दुपारी सलीम मिस्त्रीनं डावा हब खोलला. आतले दाते पार झिजलेले. "अण्णा, मागच्याच म्हैन्यात बोल्लो हुतो तुमाला, दोन्ही बदला म्हून."

खरंय. ती कटकट मीही रोज ऐकत होतो. मग का थांबलो? आळसच, दुसरं काय.

नवे हब बसवून रिकामी जीप त्याच चढावर नेली. एका दमात चढली.

घरी वैशाली सगळ्यांना सांगत होती, "मामा होते म्हणून वाचलो." मी मान खाली घालून जेवलो. खरं सांगितलं, तर ती पुन्हा माझ्या गाडीत बसेल?