मी सेन्सिटिव्ह नाही

३ मार्च, सकाळी ६
टेस्टोस्टेरॉनचं पहिलं इंजेक्शन मांडीत टोचलं. १६ मेला लेकीचं, टेसाचं लग्न. बाप-लेकीच्या नाचात सगळ्या अमरिलो गावाने बघावं, बाप कसा असतो ते. संकल्प: रडायचं नाही.

२५ मार्च
कुत्र्यांच्या बिस्किटांची जाहिरात बघून डोळे भरून आले. जिममधला बून म्हणतो, शरीर जादा टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्रोजेन करतं. म्हणजे बायकांचं हार्मोन. घरातच फितुरी! लॅव्हेंडरनेही ते वाढतं म्हणे, म्हणून लोर्नाचा लॅव्हेंडर साबण लपवला. बायको असली तरी सावध राहिलेलं बरं.

७ एप्रिल
लॅब. डॉ. हेन्सलीबाईंनी फॉर्मवर लिहिलंय, ‘एस्ट्रोजेन, सेन्सिटिव्ह’. लोर्नानेच कान भरले असणार. काउंटरवरच्या मुलीला ठणकावलं, मी सेन्सिटिव्ह नाही, साधी टेस्ट कर. ती काहीतरी समजावत होती. मी शब्द खोडला. म्हणाली, तुमचं रक्त, तुमची मर्जी.

१० एप्रिल
एस्ट्रोजेनचा आकडा ५८, पुरुषाला जास्तच. हेन्सलीबाई म्हणतात, गोळी नको, खोडलेली टेस्ट करा. काहीतरी लपवतायत. बूनने एस्ट्रोजेन रोखणाऱ्या स्वतःच्या गोळ्या दिल्या, आठवड्याला अर्धी. मी रोज एक घेणार. अर्धवट कामं मला जमत नाहीत.

२ मे
डोळे कोरडे ठणठणीत. विजय! लोर्नाने जवळ येऊन हात धरला, मी टीव्ही बघत राहिलो. एकाग्रता वाढलीय. गोळ्या बंद कर म्हणते. हिला मी रडकाच हवाय.

११ मे
गुडघे करकरतात. ट्रकची पायरी कुणीतरी उंच केलीय.

१६ मे, संध्याकाळी
दुसऱ्याच गिरकीला गुडघे अडकले. टेसाने खुर्ची मागवली, मला बसवलं आणि माझ्याभोवती एकटीच नाचली. लोर्ना रडली, व्याही रडले, बूनसुद्धा हुंदके देत होता. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. टेसाने वाकून कानात विचारलं, डॅड, तुला माझा नवरा आवडला नाही का?

मला रडायचं होतं. आलंच नाही.

२७ मे
खोडलेली टेस्ट केली. एस्ट्रोजेन जवळपास शून्य. हेन्सलीबाई म्हणाल्या, सेन्सिटिव्ह तुम्ही नाही, टेस्ट. साधी टेस्ट बायकांच्या मोठ्या आकड्यांसाठी, पुरुषांचे छोटे आकडे ती चुकीचे दाखवते. आणि थोडं एस्ट्रोजेन पुरुषांनाही लागतं, सांध्यांना, मनालाही. गोळ्या बंद.

लोर्नाचा साबण जागेवर ठेवला. तिने काही विचारलं नाही. ठाऊक होतं तर!

३० जून, दुपारी
ट्रकमध्ये बसून लग्नाचा व्हिडिओ लावला. टेसा खुर्चीभोवती नाचतेय आणि खुर्चीत एक ठोकळा बसलाय. ढसाढसा रडलो. लगेच तिला फोन करून सांगितलं, ऐक, मी रडतोय, आवडला गं तुझा नवरा.

म्हणाली, डॅड, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर रड.