निरोगी रक्ताची नळी

तीर्थरूप बाबा,

आधी नमस्कार, मग बढाई. साखरेच्या नव्या औषधाची चाचणी आता मी सांभाळते.

रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते आम्ही प्रयोगशाळेतलेच लोक देतो. सोमवारी उपाशीपोटी मी बाही वर केली, तर माझा आकडा थेट रुग्णांच्या रांगेत जाऊन बसला. मॅडम म्हणाल्या, "मशीन बिघडलं असेल." मी तीन दिवस पुन्हा रक्त देऊन पाहिलं. मशीन ठणठणीत आहे.

काळजी करू नका, या दुखण्याची मला खडान्‌खडा माहिती आहे. रोज चालायला लागले आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढ्यात काही बोलू नका.

तुम्हाला साखर निघाली, तेव्हा तुम्ही तिच्यापासून किती दिवस लपवू शकला होतात?

तुमचीच लेक,
आता रक्तानेही सिद्ध झालेली