कड्यावर उभी असलेली तू

घरच्या मालकिणीला, सप्रेम.

मी ठणठणीत आहे, काळजी नको. बोगदा निम्मा झाला. छोटीचा खोकला गेला का?

इथे संध्याकाळी समोरच्या कड्यावर काळ्या, उंच सावल्या उभ्या राहतात. बोलत नाहीत, नुसत्या बघतात. गावातले म्हणतात, घरी ज्याची आठवण निघते, त्याला बघायला घरचं माणूस असं सावली होऊन येतं. आमच्या स्वयंपाक्याची बायको म्हणे रोज येते. त्या ढेरपोट्यात काय बघते कोण जाणे! सगळे हात हलवायचे आणि मी बूट पुसत बसायचो. नुसता जळफळाट व्हायचा.

काल एक दिसली, कमरेवर हात ठेवून उभी. मी ओरडलो, "ही माझी!"

"डोळे तपासून घे," स्वयंपाकी म्हणाला. "माझी आहे ती."

मी त्याची कॉलरच धरली. मुकादमाने सोडवलं, तोवर कडा रिकामा.

आज तो स्वतःहून चहा घेऊन आला. म्हणाला, "तुझीच असेल रे. माझी तर वारली मागेच."

मी त्याला शेजारी बसवलं. म्हटलं, "नाही, तुझीच होती. माझी एवढी उंच नाही."

पण ती तूच होतीस. उद्यापासून जरा लवकर आठवण काढ, तो भांडी घासत असतो तेव्हा.

फक्त तुझाच,
छोटीचे बाबा