सॅन दिएगो, सहा सामन्यांत

गुरुवार, १४ मे

आज सकाळी रेडिओवर बोलून आलो. सॅन दिएगो, सहा सामन्यांत.

गस फार्कसने दोनदा विचारलं. गेली सहा वर्षं तो मला दर मे महिन्यात त्याच्या सकाळच्या कार्यक्रमात बोलावतो. सात सामन्यांची बास्केटबॉलची अंतिम मालिका, चार आधी जिंकेल तो विजेता – कोण जिंकणार आणि कितव्या सामन्यात, एवढंच सांगायचं. सहापैकी पाच वेळा माझं बरोबर आलंय. पण या वेळी अंतिम फेरीत आपलंच गाव आहे – टोलेडो पायलट्स. आणि पायलट्सचा खेळ ज्याच्या हातून चालतो तो क्लीऑन टॉलिव्हर, माझा मुलगा.

"कोच, घरच्या माणसाविरुद्ध बोलताय," गस म्हणाला.

मी म्हटलं, "तू अंदाज विचारलास. नवस नाही विचारलास."

मग तो खोदत बसला. का? आपले कुठे कमी पडतात? मी सांगितलं – कुठेच नाही, दोन्ही संघ तोडीस तोड. पण असे सामने शेवटच्या मिनिटाला सुटतात, आणि शेवटच्या मिनिटाला क्लीऑन स्वतः बास्केट मारायला जात नाही. समोर कुणी नसलं तरी पास देतो. हायस्कूलपासून देतोय.

एवढं बोलायला नको होतं का? पण त्यात खोटं काय? एकतीस वर्षं शाळेत पोरांना खेळवलं, एकाच्याही तोंडावर खोटं बोललो नाही. पोटच्या पोराला वेगळं माप कसं लावू?

घरी आलो तर स्वयंपाकघरातला रेडिओ बंद. बायको ओडेसा मागे दोरीवर चादरी टाकत होती. मी आलो हे तिला कळलं. वळली नाही.

शुक्रवार, १५ मे

केस कापायला पेटवेकडे गेलो. त्याने कात्री हवेतच धरली. "बोल एव्हरेट, केस कापू की जीभ?" सगळं दुकान हसलं. मीही हसलो.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "माझ्या बापाने असं केलं असतं तर मी आडनाव बदललं असतं."

तेव्हा कुणी हसलं नाही. पेटवेने मशीन सुरू केलं.

क्लीऑनचा फोन नाही. संघ आज दुपारच्या विमानाने गेला. जाण्याआधी तो आईला फोन करतो, मग ती मला देते. आज तिने दिला नाही. की त्याने मागितलाच नाही?

रविवार, १७ मे

पहिला सामना. टीव्हीवर पाहिला. ओडेसा सोफ्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला.

शेवटचं मिनिट. आपण एका बास्केटने मागे. आणि त्यांनी क्लीऑनवर माणूसच ठेवला नाही! त्याच्यावरचा गडी सरळ जाऊन हॅस्केलच्या अंगावर पडला. हॅस्केल आपला उंच गडी, त्याच्याकडेच चेंडू जाणार हे त्यांना ठाऊक होतं. क्लीऑन पंधरा फुटांवर एकटा. आंधळ्यानेही मारला असता. त्याने हॅस्केलकडे पास दिला. मधल्या मध्ये त्यांनीच पकडला.

हरलो.

"बघितलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ओडेसा म्हणाली, "बघितलं. त्यांना कुणी सांगितलं तेही माहितेय मला."

सोमवार, १८ मे

नाश्त्याच्या ताटलीशेजारी आजचं वर्तमानपत्र, नेमकी घडी घालून. त्यांच्या कोचला कुणीतरी विचारलं होतं – टॉलिव्हरला मोकळं कसं सोडलंत? त्याचं उत्तर ठळक अक्षरांत: "त्याच्या वडिलांनीच रेडिओवर सांगितलंय. बापापेक्षा पोराला जास्त कोण ओळखणार?"

मी दोनदा वाचलं. अंडी गार झाली.

गावातल्या रेडिओवर बोललेलं दोन हजार मैलांवर जाईल असं मला वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं वाटलं. पण कोचने हा विचार करायचा नाही तर कुणी?

मंगळवार, १९ मे

दुसराही गेला. एकोणीस गुणांनी. फोन वाजत राहिला. उचलला नाही.

गुरुवार, २१ मे

संघ परत आला. उद्या आणि रविवारी इथे सामने. ओडेसाने पर्च मासे तळले, कॉर्नब्रेड केला, सगळं फॉइलमध्ये बांधून क्लीऑनच्या घरी निघाली. मी टोपी घातली.

"आज नको," ती म्हणाली.

"बाप आहे मी त्याचा."

"म्हणूनच आज नको."

संध्याकाळी आली ती थेट वर गेली. मी खालून विचारलं, कसा आहे? "दमलाय," एवढंच.

शनिवार, २३ मे

काल तिसरा सामना जिंकलो. मैदानात आमच्या नेहमीच्या जागा, पण शेजारच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. असू दे.

क्लीऑनचा नेम पार गेलेला. नऊ प्रयत्न, दोन बास्केट. पण पास! सोळा पास असे दिले की समोरच्याला फक्त हात वर करायचं काम. लोक नाचत होते. मी मात्र सगळा वेळ त्याचे चुकलेले सात फटके मोजत होतो. चेंडू हातातून सुटताना रेंगाळतोय. असं तो कधी करत नसे.

सामना संपल्यावर आत जायच्या बोगद्यापाशी उभा राहिलो. तो आला, घामाघूम, खांद्यावर टॉवेल. "कोच," म्हणाला, मान हलवली, पुढे गेला. शाळेत मी त्याला खेळवलं तेव्हा घालून दिलेला नियम – मैदानावर मी बाप नाही, कोच. नियम मीच केला होता. तक्रार कुणाकडे करू?

आज सकाळी जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. मी म्हटलं, पोरगा घाबरतो हे मान्य करायला काय हरकत आहे?

ओडेसाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तो कधीपासून घाबरतो, सांगू? सतरा वर्षांचा होता. राज्याचा अंतिम सामना, कोलंबसला. शेवटचा फटका त्याने मारला. चुकला. आठवतं?"

आठवतं. कसं नाही आठवणार.

"मग परत येताना गाडीत काय झालं ते आठवतं?"

"काय झालं? काही नाही झालं."

"तेच. काही नाही झालं. अडीच तास तू एक शब्द बोलला नाहीस, एव्हरेट. मी मागे बसले होते. त्याची मान माझ्यासमोर होती. घरी येईपर्यंत त्याने ती वर केली नाही."

मी म्हटलं, मी रागावलो नव्हतो. आमचा बचाव कुठे फाटला याचा विचार करत होतो.

"त्याला काय माहीत?"

दिवसभर हेच डोक्यात. खरोखर बचावाचाच विचार करत होतो का मी? बाहेर बर्फ पडत होता, वायपर एका बाजूला अडकत होता, हे आठवतं. पोराचा चेहरा आठवत नाही.

रविवार, २४ मे

चौथाही जिंकला! दोन-दोन.

चार सेकंद उरलेले, बरोबरी, चेंडू क्लीऑनकडे, समोर कुणी नाही. पुन्हा त्याला मोकळं सोडलेलं. त्याने वर बघितलं आणि पास दिला. हॅस्केलने हवेतल्या हवेत आत ढकलला. छत कोसळेल असा आवाज. मागून एका अनोळखी माणसाने माझ्या खांद्यावर थाप मारली. "पास दिला, कोच. बघितलंत ना? पासच दिला."

आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण त्यानंतरचंही लिहायचंय. त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी टोचत होतं. गाडीपाशी येईपर्यंत कळलं काय ते. आपण आणखी एक जरी जिंकलो तरी माझा अंदाज चुकणार.

असला बाप मी.

सोमवार, २५ मे

सुट्टीचा दिवस. गसने घरी फोन केला. "कोच, लोक म्हणतात तुम्ही आता शब्द फिरवणार. दोन मिनिटं फोनवरच बोला." नाही म्हणणार होतो. "शब्द फिरवणार" हे ऐकलं आणि थांबलो.

म्हटलं – सहाच. सॅन दिएगोच.

"पण क्लीऑन काय सुरेख पास देतोय!"

"देतोय. पण त्याच्या फटक्यांकडे बघ. दोन सामन्यांत वीस मारले, चार आत गेले. भीती पहिल्यांदा हातात उतरते. मी शेकडो पोरांत पाहिलीय."

फोन ठेवला तेव्हा ओडेसा दारात होती. तिचा चेहरा असा मी तिच्या आईच्या दफनाच्या दिवशीही पाहिला नव्हता. मला वाटलं ओरडेल. ती काहीतरी बोलायला गेली, थांबली, ओठ मिटून घेतले. पर्स उचलली आणि क्लीऑनकडे निघून गेली.

बुधवार, २७ मे

पाचवा सॅन दिएगोत. हरलो. क्लीऑन बारापैकी एक.

गुरुवार, २८ मे

गस फोनवर: "कोच, आता एकच राहिला." आवाजात खुशी. मी म्हटलं, माझं बोलून झालंय. ठेवला.

ओडेसा क्लीऑनच्या पाहुण्यांच्या खोलीत राहतेय. मालिका संपेपर्यंत, म्हणाली. दुपारी डबाबंद सूप गरम केलं. ते ढवळताना मनात म्हटलं, देवा, मला खोटं पाड. चर्चमध्ये डीकन आहे मी, प्रार्थना मोठ्याने करायची सवय. हे मोठ्याने म्हणता आलं नाही.

शनिवार, ३० मे

संपलं. सॅन दिएगो, सहा सामन्यांत.

नीट लिहितो. आपण एका गुणाने मागे. सहा सेकंद. चेंडू क्लीऑनकडे. त्याच्यावरचा गडी नेहमीसारखा हॅस्केलकडे धावला, आता तर तिकडे तीन जण. क्लीऑन एकटा. सगळ्या मैदानाला माहीत, तो पास देणार. मला माहीत.

त्याने मारला.

मी उभा राहिलो होतो. पाय बरोबर, कोपर बरोबर, मी शिकवला तसाच. चेंडू मात्र कडीपर्यंतही पोचला नाही. हातभर आधीच खाली आला. भोंगा वाजला.

अठरा हजार लोक, आणि आवाज नाही. तो तिथेच उभा होता. मग वर बघितलं – आमच्या जागांकडे. ओडेसा पुढच्या रांगेत खेळाडूंच्या बायकांमध्ये बसली होती, तिच्याकडे बघितलं असेल. माझ्याकडेही बघितलं असेल. मी हात वर केला. त्याला दिसला की नाही, माहीत नाही.

रविवार, ३१ मे

चर्चला गेलो नाही. क्लीऑनच्या घरी गेलो.

तो मागच्या पायऱ्यांवर बसला होता, अंगात मोठा स्वेटशर्ट, हात खिशात. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं.

तोच आधी बोलला. "तुमचं बरोबर आलं, कोच."

"फटका बरोबर होता," मी म्हटलं. "घेतलास ते बरोबर केलंस."

"कमी पडला."

"पडू दे. कोलंबसचाही बरोबर होता. तेव्हा सांगायचं राहिलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तेरा वर्षं झाली त्याला."

"हो."

उठताना मी हात पुढे केला. त्याने डावा दिला. मला वाटलं, मनापासूनचा नाही म्हणून.

सोमवार, १ जून

गसचा फोन. स्टेशनचे लोक खूश, दर आठवड्याला माझं सदर हवंय त्यांना. नाव पण ठरलंय – 'कोच खरं सांगतात'.

उद्या कळवतो म्हटलं.

पेटवेच्या दुकानावरून गेलो. तो दारात झाडत होता. "आलं बाबा तुझं खरं," म्हणाला. टोमणा नव्हता. तसाच झाडत राहिला.

मंगळवार, २ जून

ओडेसाने दवाखान्यातून फोन केला. आज सकाळी क्लीऑनच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. हाड मोडलं होतं – तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी, सरावात. चार सामने तो तशाच हाताने खेळला. संघाच्या डॉक्टरला माहीत होतं, हॅस्केलला माहीत होतं, ओडेसाला पहिल्या संध्याकाळपासून. तिला त्याने शपथ घातली होती.

मी विचारलं, "मला का नाही?"

तिने त्याचेच शब्द सांगितले: "आई, बाबांना कळू देऊ नकोस. कुणी विचारलं तर ते खरं सांगून टाकतील."